सूर्या नदीच्या खोऱ्यात माउंटन बाइक

पालघरहून मनोरकडे निघालेला रस्ता वाघोबा खिंडीत चढतो तेव्हा समुद्राची दमट हवा मागे राहते आणि सागाचे रान सुरू होते. खिंडीच्या एका अंगाला काळदुर्गाचा चौकोनी कातळमाथा, पलीकडे उतारावर मासवण आणि सूर्या नदी. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतून येणारी ही नदी धामणीच्या धरणात अडते, कवडासच्या बंधाऱ्यावरून पुढे सरकते, कासा-चारोटीजवळ महामार्ग ओलांडते आणि मग दक्षिणेला वळून वैतरणेला मिळते. साग, ऐन, खैर, मोह, पळस, बांबू यांची जंगले, त्यांत विखुरलेले पाडे आणि पाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा असे हे खोरे आहे. मुंबईहून लोकलने येता येईल इतक्या जवळ डोंगरी सायकलसाठी याहून चांगला मुलूख मिळणे अवघड.

पण इथे येण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. परदेशातल्या माउंटन बाइकच्या चित्रफिती पाहून जो निघेल त्याला इथे तसे काही सापडणार नाही. वेल्समधल्या कोएड-य-ब्रेनिनच्या जंगलात १९९० च्या दशकात खास सायकलसाठी वाटा खोदल्या गेल्या. ब्रिटनमध्ये अशा वाटांना सोप्यापासून अवघडपर्यंत हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग दिलेले असतात. वळणे बांधलेली, पाणी वळवलेले, नाक्यावर नकाशा. बोईसर-पालघरच्या रानातली वाट सायकलसाठी पडलेली नाही. ती शेतावर जाण्यासाठी, विहिरीवरून पाणी आणण्यासाठी, गुरे चारायला नेण्यासाठी, आठवडी बाजार गाठण्यासाठी वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांच्या पायांनी पडलेली आहे आणि रोज वापरात आहे. सायकल चालवण्याचा वेग, वेळ, ऋतू, अगदी टायरमधली हवासुद्धा या एका वस्तुस्थितीवरून ठरवावी लागते.

ऋतूपासून सुरुवात करू. या जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हिरवाईच्या ओढीने लोक नेमके तेव्हाच येतात, आणि डोंगरी सायकलसाठी तोच काळ सर्वांत वाईट. कातळावर शेवाळ असते, ओढे तासाभरात चढतात आणि धामणीचे दरवाजे उघडले की खाली ऊन पडलेले असतानाही सूर्येची पातळी वाढते. पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि ओढ्यांवर जाण्यास जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढते. ते सायकलस्वारांनाही लागू असतात.

आणखी एक कारण वाटेचे स्वतःचे आहे. ओल्या मातीत टायर रुततो आणि चर पडतो. पुढच्या सरीचे पाणी नेमके त्या चरातून धावते, माती घेऊन जाते, आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओहळ होतो. वाट बांधणाऱ्या जाणकारांचा साधा हिशेब असा की वाटेचा चढ डोंगर-उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरीने दहा टक्क्यांच्या आत राहावा. म्हणजे वाट डोंगराला आडवी जावी, सरळ खाली उतरू नये. आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीच्या वाटा बऱ्याचदा हे तत्त्व पाळतात, म्हणून सायकललाही त्याच चांगल्या. सरळ खाली कोसळणारी ‘शॉर्टकट’ पायवाट पाहून हात शिवशिवले तरी ती सोडावी. चिखलात सायकलचा ठसा अर्धा इंच खोल उमटू लागला की त्या दिवशी मागे फिरावे, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस जमीन घट्ट होते, पण तेव्हा भातकापणी चालू असते. बांधावरून डोक्यावर भारे घेऊन माणसे चालत असतात. त्यांना भारा घेऊन बाजूला होता येत नाही, सायकलस्वाराला होता येते. उतरावे, सायकल उचलून बाजूला घ्यावी, त्यांना जाऊ द्यावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे तीन महिने सर्वांत उत्तम. फेब्रुवारीपासून सागाची पाने गळतात आणि ती मोठी, कडक, गुळगुळीत पाने दगड झाकतात. दिसायला सपाट वाट, प्रत्यक्षात खाली सुटे धोंडे. वळणावर पानांचा थर असेल तर ब्रेक वळणाच्या आधी लावून घ्यावा, वळणात अजिबात नाही. याच सुमारास भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, धूर असतो, रानही वाळलेले असते. सिगारेट, शेगडी, शेकोटी यांतले काहीही सोबत नको. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एका ठिणगीने एखाद्या पाड्याचा वर्षभराचा चारा जातो.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडांखाली बायका-मुले फुले वेचत बसलेली असतात. उतारावरून वेगाने येणाऱ्याला ती झाडाआड दिसत नाहीत. मोहाचे झाड दिसले की वेग चालण्याइतका करावा.

आता परवानगीचे. याबाबत सायकलस्वारांमध्ये बराच गोंधळ असतो, म्हणून थोडे सविस्तर. अभयारण्य आणि राखीव वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार परवाना लागतो. पालघर जिल्ह्यातले याचे जवळचे उदाहरण म्हणजे वसईच्या पूर्वेचे तुंगारेश्वर. २००३ मध्ये घोषित झालेले सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मुंबई-ठाण्याच्या डोंगरी सायकलस्वारांना चांगले परिचित आहे. महामार्गाकडून आत शिरलेला कच्चा रस्ता ओढे ओलांडत तुंगारेश्वराच्या देवळाकडे जातो. इथे वनविभागाच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क ठरलेले असते, आणि देवळाच्या पुढे जाता येईल की नाही हे त्या दिवशी नाक्यावरच विचारावे. जुन्या फेरीची नोंद मोबाइलमध्ये आहे म्हणजे वाट खुली आहे असे नाही.

सूर्येच्या खोऱ्यातले बरेचसे रान अभयारण्य नाही. ते डहाणू आणि जव्हार वन विभागांच्या ताब्यातले वन आहे, आणि काही ठिकाणी २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभांना त्यावर सामूहिक हक्क मिळालेले आहेत. तेव्हा दोन दारे ठोठावावी लागतात. पहिले वनक्षेत्रपालाचे. तारीख, माणसांची नावे, कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार एवढे लिहिलेले साध्या मराठीतले पत्र आधी द्यावे. दुसरे गावाचे. सरपंच, पोलीस पाटील किंवा पाड्यातले एखादे जाणते माणूस. हा सोपस्कार नव्हे. अनोळखी माणसे हेल्मेट आणि गॉगल घालून रानातून फिरताना दिसली की गावात शंका येते, आणि ती रास्त आहे. हेल्मेट काढून, सायकलवरून उतरून ‘काका, आम्ही पालघरहून आलोय, ही वाट मासवणला निघते का?’ एवढे विचारले की पुढची अर्धी अडचण सुटते. शिवाय पुढे ओढ्यावरचा साकव वाहून गेला आहे किंवा कुठे झाड आडवे पडले आहे ही बातमी कुठल्याही ॲपपेक्षा तिथे आधी मिळते.

ॲपवर भिस्त न ठेवण्याला सध्या एक ताजे कारणही आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग अशी मोठी कामे याच पट्ट्यातून जातात. उपग्रहाच्या चित्रात दिसणारी वाट प्रत्यक्षात भरावाखाली गेलेली असू शकते, आणि तिच्या जागी डंपर धावत असतात. डंपरच्या रस्त्यावर सायकल घालू नये. मागे फिरण्यात वेळ गेला तरी चालेल.

कुठे जावे हा प्रश्न नवख्याने आणि सरावलेल्याने वेगवेगळा सोडवायचा आहे.

नवख्यासाठी धरणाखालच्या कालव्यांचा परिसर उत्तम. सूर्या प्रकल्पाचे डावा आणि उजवा तीर कालवे कवडासहून डहाणू-पालघर तालुक्यांतल्या शेतांकडे जातात. कालव्याकडेच्या मुरमी रस्त्यांना चढ-उतार नगण्य असतो, त्यामुळे सैल जमिनीवर तोल कसा राखायचा, गिअर कधी बदलायचा, मागचे चाक घसरले तर काय करायचे हे सगळे धोका न पत्करता शिकता येते. हे रस्ते पाटबंधारे खात्याचे आहेत. फाटक बंद असेल तर बंद. कालव्याच्या अगदी काठावरून चालवणे आणि पाण्यात उतरणे दोन्ही टाळावे. अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही.

सरावलेल्याने पालघरहून वाघोबा खिंड चढून मासवणच्या बाजूला उतरावे. खिंडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, वाहने भरपूर, म्हणून सकाळी लवकर. उजाडल्यावर, पण सातच्या आत. पुढे मासवणच्या आसपास नदीकाठच्या गावांना जोडणाऱ्या गाडवाटा आहेत, कुठे मुरूम, कुठे गोटे, कुठे लाल माती. इथे पंधरा किलोमीटर डोंगरी सायकल चालवणे डांबरावरच्या चाळीसपेक्षा जास्त दमवते, हे धरून बेत आखावा. मासवणहून उचललेले सूर्येचे पाणी वसई-विरारच्या नळांना जाते, तेव्हा नदीत साबण लावून अंघोळ, सायकल धुणे, प्लास्टिक टाकणे या गोष्टी करताना ते पाणी कोण पिणार आहे याची आठवण ठेवावी.

अशेरीगडाबद्दल मात्र सावध सांगायला हवे. महामार्गालगतच्या खडकोना गावापर्यंत सायकल नेणे आणि तिथे विचारून ठेवणे ठीक. गडावर सायकल खांद्यावर घेऊन चढण्याचा प्रकार नको. वरची वाट कातळात खोदलेल्या पायऱ्यांची आहे, चाकांनी तिचे नुकसान होते आणि चुकीच्या जागी पाय घसरला तर सायकलच माणसाला खाली ओढते.

या सगळ्या बेतात रानाहून धोकादायक जागा एकच, राष्ट्रीय महामार्ग ४८. मेंढवण खिंड, चारोटी, मनोर ही नावे अपघातांच्या बातम्यांतून सगळ्यांना माहीत आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तो चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर. महामार्गावरून सायकल चालवत एक फाटा ते दुसरा फाटा गाठण्याचा मार्ग आखूच नये. ओलांडायचा असेल तर पुलाखालून किंवा भुयारी मार्गाने, आणि तो नसेल तर सिग्नलच्या चौकात पायी. बोईसर-चिल्हार रस्त्याचेही तसेच. तारापूर औद्योगिक वसाहतीचे ट्रक आणि टँकर याच रस्त्याने महामार्गाला लागतात. पाळी बदलण्याच्या वेळा टाळून, रविवारी पहाटे तो पार करावा, किंवा सायकल टेम्पोत घालून खोऱ्यात पोहोचावे. यात कमीपणा काहीच नाही. तारापूरच्या बाजूने येणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. १९६९ पासून चालू असलेल्या अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात छायाचित्रे काढू नयेत आणि ड्रोन तर पिशवीतसुद्धा नको.

मुंबईहून येणाऱ्यांना एप्रिल २०१३ पासून सुरू झालेली विरार-डहाणू लोकल सोयीची. सायकल मालडब्यातून न्यायची तर तिची रीतसर नोंद करावी, आणि सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत ती घुसवू नये. त्या गाड्यांत भाजी आणि मासे घेऊन जाणाऱ्या बायकांना जागा लागते.

आता बिबट्या. तो या रानात आहे, पूर्वापार आहे. वाघोबा हा वारल्यांचा देव, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते. लाकडावर किंवा दगडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेली ठाणी रानाच्या कडेला, खिंडीत, गावाच्या वेशीवर दिसतात. अशा ठाण्याला सायकल टेकवून ठेवणे, त्यावर बसणे, त्यासोबत ‘पोज’ देणे हे कुणालाही न सांगता कळावे. बिबट्याबरोबर राहण्याची जी रीत इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली तिच्यात सायकलस्वाराने घ्यावे असे पुष्कळ आहे. मुख्य म्हणजे तिन्हीसांजेनंतर रान त्याचे. पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी साडेपाचनंतर वाटेवर असू नये. तिघे-चौघे मिळून जावे, आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. ती बिबट्यासाठी जितकी, तितकीच डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या बाईसाठी. समोर दिसलाच तर थांबावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरून ताठ उभे राहावे, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे. वाकून, वेगाने पळणारी आकृती त्याला भक्ष्यासारखी वाटू शकते. खिंडीतल्या माकडांना केळी-बिस्किटे देऊ नयेत. त्याने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात. वन्यप्राणी जखमी किंवा अडकलेला दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

फुरसे बिबट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटेल. कातळाच्या आणि पालापाचोळ्याच्या रंगात ते सहज मिसळते. टायर बदलायला वाटेच्या कडेला बसताना आधी जागा काठीने चाळवावी, पाय झाकणारे बूट घालावेत. दंश झालाच तर चिरायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही. अवयव हलू न देता माणसाला शांत ठेवायचे आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. खोऱ्याच्या या बाजूला कासा आणि मनोर इथे सरकारी रुग्णालये आहेत. निघण्याआधी दोन्हींचे अंतर आपल्या मार्गावरून मोजून ठेवावे आणि सोबतच्या प्रत्येकाला ते माहीत असावे. डोंगराआड मोबाइलची रेंज जाते. म्हणून घरच्या एका माणसाकडे लेखी मार्ग आणि परतीची वेळ ठेवावी, आणि त्या वेळेनंतर कुणाला फोन करायचा हेही.

सायकलीबद्दल थोडक्यात. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, अशी साधी चांगली सायकल या मुलुखाला पुरते. दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेल्या स्वस्त सायकली वजनदार असतात आणि चढावर माणसाची ताकद खातात. तो पैसा चांगल्या डिस्क ब्रेकवर घालावा. टायर सव्वादोन इंचाच्या आसपास, आडव्या-उभ्या खाचांचे. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असलेल्या टायरमध्ये २५ ते ३० पीएसआय हवा ठेवावी. गल्लीतल्या पंपावर दुकानदार साठ भरून देतो, तेव्हा सायकल गोट्यांवर उड्या मारते आणि हात बधिर होतात. फारच कमी केली तर टायर दगडावर चेपून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. बाभळीच्या काट्यांसाठी टायरमध्ये सीलंट टाकलेले बरे. कापलेल्या बांबूचे आणि कारवीचे तिरके खुंट हा वेगळाच प्रकार आहे, ते टायरची बाजू फाडतात आणि पडलेल्या माणसाच्या मांडीतही घुसतात. वाट सोडून झाडीत सायकल न घालण्याचे हे एक पुरेसे कारण. शेताच्या बांधाला तार ओढलेली असेल तर हात लावू नये, रानडुकरांसाठी तिच्यात वीज सोडलेली असू शकते.

उतारावर पेडल समांतर, टाचा खाली, ढुंगण सीटपासून उचललेले आणि थोडे मागे, नजर चाकापुढे नाही तर दहा-पंधरा पावले पुढे. दोन्ही ब्रेक एका-एका बोटाने, सतत हलके. मुरमाच्या चढावर उभे राहून जोर लावला की मागचे चाक जागीच फिरते. बसून, हलक्या गिअरवर, पुढे थोडे झुकून चढावे. ओढ्यात पाणी घोट्याच्या वर आणि तळ न दिसणारा असेल तर उतरून, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून चालत जावे. वरच्या अंगाला धरली तर पाणी तीच अंगावर ढकलते.

पाणी माणशी तीन लिटर, मीठ-साखरेची पुडी, दोन ट्यूब, पंप, चेन जोडण्याचे हत्यार आणि आपल्या सायकलचा जादा हँगर. गिअरची ही छोटी पट्टी वाकली तर बोईसरच्या दुकानातही तुमच्या सायकलची मिळेलच असे नाही. पाड्यात चहा घेतला तर पैसे द्यावेत. मुलांना चॉकलेट वाटत जाऊ नये. वाटाड्या म्हणून गावातला मुलगा सोबत घेतला तर दिवसाचा मोबदला आधी बोलून ठरवावा. तो चालत असेल तर आपण त्याच्या वेगाने जावे.

घरी परतल्यावर टायरच्या खाचांतली माती आणि कुसळे ब्रशने काढून टाकावीत. त्यांतून रानमोडी आणि घाणेरीसारख्या तणांचे बी एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाते. चेन कोरडी पुसून तेल द्यावे. समुद्राकाठी चिंचणी किंवा केळव्याच्या वाळूतूनही सायकल चालवली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर आठवड्यात गंज धरतो. आणि वनक्षेत्रपालाला पत्र दिले होते, तर ‘सगळे सुखरूप बाहेर पडलो, अमुक ठिकाणी साकव तुटला आहे’ असा निरोप त्याच संध्याकाळी पाठवावा.